उरलेले देश

३ फेब्रुवारी

आजपासून डायरी लिहायची. मी आज एक शब्द दिला आहे, आणि आमच्या घरात दिलेल्या शब्दाचे महिन्याभरात इतके पाठभेद होतात की मूळ प्रत माझ्याकडे असलेली बरी.

दुपारी भाऊजी आले होते, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांचं पडद्यांचं दुकान आहे आणि तिथे गल्ल्यावर बसणारी बाई ऑगस्टअखेर सोडून जाणार आहे. "वहिनी, तुम्हीच या," म्हणाले. "कारखाना बंद झाल्यापासून घरीच तर असता." मी म्हटलं, घरी असते, पण रिकामी नसते. माझी वेबसाइट आहे. त्यावर ते हसले. कुत्सित नाही, पण हसलेच. "अहो वहिनी, घरच्यांशिवाय कोण बघतंय ते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपड्यांच्या कारखान्यात अख्खी नोकरी मी कटिंग टेबलवर काढली, आणि तीही डावखुरी. सगळ्या हॉलमध्ये एकटी. उजव्या हाताच्या कात्रीने डाव्या हाताने सरळ काप कसा घ्यायचा, हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं. तेच सगळं मी वेबसाइटवर मांडलं आहे. डावखुऱ्याने कापड कसं कापावं, बटाटा कसा सोलावा, विणताना सुया कशा धराव्यात, लिहिताना शाई फिसकटू नये म्हणून काय करावं. फोटोत फक्त माझे हात. मजकूर मी लिहिते, आणि सूनबाई तो मशीनकडून आणखी चार-पाच भाषांत करून घेते.

तर भाऊजींनी पैज लावली. घरच्यांखेरीज परक्या माणसांनी माझ्या शब्दावर काही विकत घेतलं, तर ते गल्ल्याचा विषय पुन्हा काढणार नाहीत. नाहीतर सप्टेंबरपासून मी गल्ल्यावर. मी म्हटलं, ठरलं. हे मध्येच म्हणाले, "अगं, जरा विचार करून..." हे माझ्याच कारखान्यात मशीन दुरुस्तीला होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट आधी उघडून बघायची सवय. मी म्हटलं, विचार झालाय.

७ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाईची सुट्टी होती, तिला धरून बसवलं. तिने समजावलं ते असं: मी वेबसाइटवर एखादी वस्तू सुचवायची आणि दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान मला थोडं कमिशन देतं. याला अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅम म्हणतात. शेकडो आहेत, त्यातला आपल्याला साजेसा निवडायचा.

"एवढंच ना? मग आपलं नेहमीचं ऑनलाइन दुकान घे," मी म्हटलं.

"थांबा आई. आधी हे बघा." तिने स्क्रीनवर जगाचा नकाशा उघडला. जिथून लोक वेबसाइटवर येतात ते देश रंगवलेले. मला वाटलं होतं, आपला देश गडद आणि बाकी सगळं पांढरं. पण नकाशाला कांजिण्या आल्यासारख्या दिसत होत्या! ज्या देशांत मी कधी जाणार नाही, ज्यांची नावं मला बातम्यांतसुद्धा ऐकू येत नाहीत, तिथली माणसं माझे हात बघतात. आपल्या देशातला एक असेल तर बाहेरचे तीन.

मी उठून ह्यांना बोलावून आणलं. हे चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढे डावखुरे आहेत जगात?"

सूनबाई म्हणाली, गोम इथेच आहे. आपल्या देशातल्या दुकानाची लिंक दिली, तर बाहेरचा माणूस ती दाबणार, आणि दुकान सांगणार की तुमच्या देशात आम्ही माल पाठवत नाही. म्हणजे चारातल्या तिघांना आपण दारापर्यंत नेऊन दार आपटायचं. मला ते मुळीच चालणार नाही.

११ फेब्रुवारी

पहिला उमेदवार बाद. एक मधली कंपनी आहे, ती हजारो दुकानांची शिफारस एका ठिकाणी गोळा करते, कुठल्याही देशाची खरेदी चालते, आणि कमिशन इतकं की सूनबाईचे डोळे चमकले. त्यांची डावखुऱ्यांसाठीची कात्री मी नमुन्याला मागवली होती. आज आली.

हातात घेतली आणि कळलं. मूठ तेवढी डाव्या अंगठ्याला बेतलेली, पाती मात्र जशीच्या तशी उजवी. खऱ्या डाव्या कात्रीत वरचं पातं डावीकडे असतं, म्हणून कापताना खडूची रेघ दिसते. यात रेघ पात्याखाली लपते. म्हणजे आंधळ्याला रंगीत चष्मा दिल्यासारखं. वरती डब्यावर डाव्या हाताचा अंगठा काढलाय, हसरा!

सूनबाई म्हणाली, "आई, लोकांना एवढं कळतं का?" मी म्हटलं, लोकांना कळत नाही म्हणून तर ते माझ्याकडे येतात. कात्री डब्यात घालून परत पाठवली.

१९ फेब्रुवारी

निवड झाली. निदान पुरती.

एक मोठं ऑनलाइन दुकान आहे. त्याच्या बऱ्याच देशांत शाखा आहेत, आणि त्यांच्याकडे खरी डावी कात्री, खरं डावं सोलाणं, सगळं मिळतं. अडचण एवढीच की प्रत्येक शाखेचा प्रोग्रॅम वेगळा, खातं वेगळं, कराचे फॉर्म वेगळे, आणि कमिशन ठराविक रक्कम जमल्याशिवाय हातात येत नाही. एका शाखेने तर मला विचारलं की मी परदेशी संस्था आहे का. मी लिहिलं, मी बाई आहे. सूनबाईने ते खोडून नीट भरलं.

आता माणूस कुठल्या देशातून आलाय हे बघून लिंक त्याला आपोआप त्याच्या देशाच्या शाखेत नेणार. आणि जिथे शाखाच नाही? ते देश सूनबाईने एका रकान्यात टाकले आणि वर नाव दिलं, उरलेले देश. रकाना पुष्कळ लांब झाला. मला ते नाव आवडलं नाही. कोणी पंगतीत बाकी राहिल्यासारखं वाटतं.

त्यांच्यासाठी मी एक छोटा कारखाना शोधलाय. मालक स्वतः डावखुरा, कात्र्या स्वतः घडवतो, जगात कुठेही साध्या टपालाने पाठवतो. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे गंमतच आहे. शिफारस करणाऱ्याला एक नंबर देतो, गिऱ्हाईक ऑर्डरमध्ये तो नंबर लिहितं, आणि हंगाम संपला की मालक बसून मोजतो. स्क्रीन नाही, आकडे नाहीत. कमिशन बेताचं. सूनबाई म्हणाली, "आई, हे फारच जुनाट आहे." पण त्याची कात्री कापडावर चालवून पाहिली तेव्हा मला भरून आलं. नोकरीभर असली कात्री हातात असती तर माझ्या अंगठ्याला हा घट्टा पडला नसता. मी एवढंच लिहिलं त्याला. त्याने उत्तर पाठवलं, "मलाही आहे."

५ मार्च

पहिली खरेदी! मोठ्या दुकानाच्या एका परदेशी शाखेतून, डाव्या हाताचं सोलाणं. मी स्वयंपाकघरातून ओरडले तर हे पायरीवरून घसरता घसरता वाचले. कुठल्या देशातून, तर जिथे आमच्या नणंदबाई राहतात त्याच. जग किती लहान आहे!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "वा, वा. छान." आणि घाईने गच्चीवर गेले. आनंद दाखवता येत नाही ह्यांना, आधीपासूनच.

२२ मार्च, रविवार

नणंदबाईंचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "वहिनी, ते डाव्या हाताचं सोलाणं असतं ना, ते उजव्या हाताने धरलं तर साल आपल्याकडे येते की लांब जाते?" मी म्हटलं, उजव्या हाताने धरायचंच नाही. "हो, पण समजा धरलं." मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. बोलता बोलता त्यांचं बोट कापल्याचं कळलं. बिचाऱ्या. माझं वाचून वाचून त्यासुद्धा आता या विषयात रस घ्यायला लागल्या आहेत. माझ्या लिखाणात काहीतरी आहे हे मी आधीपासून म्हणतेय.

११ एप्रिल

खरेदी वाढतेय. चार शाखांतून. कात्र्या, सोलाणी, डबे उघडायची चावी, एक झाडं छाटायची मोठी कात्रीसुद्धा. एका शाखेतून तर एकाच माणसाने पाच सोलाणी घेतली. सूनबाई म्हणाली, "पाच कशाला?" मी म्हटलं, घराणंच डावखुरं असेल. असतात अशी.

माझा भाऊ ज्या देशात आहे तिथून सगळ्यात जास्त. त्याला फोन करून सांगावं म्हटलं की तुझ्या गावात माझं नाव झालंय. तो म्हणाला, "हो का? वा ताई!" आणि पुढे, "ती छाटणीची कात्री जरा जड आहे बरं का." मी म्हटलं, तुला काय माहीत? म्हणाला, फोटोत वाटते.

उरलेल्या देशांच्या रकान्यासमोर मात्र काहीच नाही. नसणारच, तिथला आकडा आपल्याला दिसतच नाही.

२ मे

भाऊजींच्या दुकानात गेले होते, पडद्याचं कापड बघायला. आत त्यांचा कारागीर कापड कापत होता आणि काप फाटत होता, म्हणून तो शिव्या घालत होता. मी बघितलं तर हातात खरी डावी कात्री. मला ओळखायला किती वेळ लागतो! "तू डावखुरा आहेस?" विचारलं. "नाही हो, मावशी." "मग ही कात्री कुठून?" त्याने मालकाकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "चुकून आली. बदलून देत नाहीत."

मी त्यांना तिथेच सुनावलं की कात्री घेताना माणूस बघावा, आणि शंका असेल तर माझी वेबसाइट वाचावी. मान खाली घालून ऐकून घेतलं. पैज हरत आल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

१७ मे

एक कबुली. उरलेले देश काढून टाकावेत असं मनात येतंय. सगळं वजन मोठ्या दुकानावर टाकलं तर काम सोपं होईल. छोट्या कारखान्याची पानं मला हाताने लिहावी लागतात, कुठल्या देशात टपाल किती उशिरा पोचतं, कुठे जकात लागते, कुठे पत्ता स्थानिक लिपीत लिहावा लागतो. आज पूर्ण दुपार त्यात गेली. कोण वाचणार आहे? सूनबाईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही ठरवा." तिने काही ठरवावं एवढी साधी अपेक्षा होती.

शेवटी काढलं नाही. त्याची कात्री चांगली आहे म्हणून. धंद्याचं कारण म्हणून हे काही भाऊजींना सांगता येण्यासारखं नाही.

१३ जून, शनिवार

भाऊजींना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर स्क्रीन समोर ठेवली. चारही शाखा, महिन्यागणिक चढती रेघ. मी काठी घेऊन उभी राहिले होते, कारखान्यात सुपरवायझर उभा राहायचा तशी. म्हटलं, बघा, परके लोक. माझ्या शब्दावर.

"हरलो बुवा," भाऊजी लगेच म्हणाले. एक प्रश्न नाही, एक शंका नाही. मी वाद घालायच्या तयारीने सगळी उत्तरं पाठ केली होती, ती तशीच पडून राहिली. ह्यांनी त्यांच्या ताटलीत आणखी फळं वाढली. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले. घरात इतकं प्रेमाचं वातावरण बऱ्याच दिवसांत नव्हतं.

आज मला माझा अभिमान वाटतो. लिहूनच टाकते. मी खोटी कात्री विकली नाही, माझे हात कुठल्या कुठे पोचले, आणि नाकावर टिच्चून जिंकले.

८ जुलै

मोठ्या दुकानाने खातं बंद केलं. चारही शाखांत. कारण दिलंय: शिफारस करणाऱ्याशी संबंधित व्यक्तींनी केलेली खरेदी. म्हणे नियमात लिहिलंय की स्वतः, घरच्यांनी किंवा नातेवाइकांनी लिंकवरून घेतलेलं चालत नाही.

मी त्यांना खरमरीत उत्तर लिहिलं. मी एक सुईसुद्धा घेतलेली नाही, माझ्या घरात कोणी घेतलेली नाही, तुम्ही एका प्रामाणिक बाईचा अपमान करताय. हे शेजारी बसले होते. त्यांना वाचून दाखवलं. "पाठवू ना?" विचारलं. हे चष्मा काढून पुसायला लागले. कान लाल झालेले.

"अहो?"

"पाठवू नकोस," हे म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. वेबसाइटवर लिंका लागल्या त्याच आठवड्यात ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, गच्चीवर जाऊन. वेबसाइट उघडा, लिंक दाबा, काहीतरी घ्या, तिला कळू देऊ नका. नणंदबाईंनी सोलाणं घेतलं आणि बोट कापून घेतलं. भाच्याने पाच सोलाणी घेऊन मित्रांना वाटली. माझ्या भावाने छाटणीची कात्री घेतली, त्याच्याकडे बाग नाही. ह्यांनी स्वतःच्या कार्डावर डबे उघडायची चावी घेतली, घरच्याच कॉम्प्युटरवरून, म्हणजे चोराने आपलंच नाव लिहून ठेवावं तसं.

"आणि भाऊजींनी?"

"त्यालाही सांगितलं होतं," हे म्हणाले. "त्याने स्वतःहूनच विचारलं होतं, कुठली घेऊ म्हणून."

ज्याच्याशी पैज, तोसुद्धा! सगळे उजवे. एकजात सगळे उजवे.

९ जुलै

काही लिहावंसं वाटत नाही.

११ जुलै

लिहिते. मला राग कशाचा आलाय हे आज कळलं. ह्यांनी फसवलं याचा नाही. ह्यांच्या मनात काय होतं ते मला समजतं, एवढी काही मी दगड नाही. पण मला गल्ल्याची भीती नव्हती, भीती होती ती ही, की मला जे येतं ते कोणाला नकोच असेल. आणि ह्यांनी नातेवाइकांना फोन केले, म्हणजे ह्यांनाही तेच वाटत होतं. मला न सांगता वाटत होतं.

हे आज भांडी घासताना म्हणाले, "मला वाटलं, तू हरलीस तर तुला सोसणार नाही." मी म्हटलं, मला न खेळता जिंकलेलं सोसत नाही. मग दोघांनी मिळून भांडी पुसली.

१८ जुलै, शनिवार

दुकानात जाऊन भाऊजींना सांगितलं, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासून येते. ते काउंटरमागून बाहेर आले. "वहिनी, मी तर हरलो म्हणालो होतो."

"तुम्ही खोटं हरलात."

"गल्ल्यावर मी माणूस बघितलाय, तुम्ही नका..."

"माणूस नका बघू. मी शब्द दिलाय."

ते अगदी रडवेले झाले. कारागीर आतून उजव्या कात्रीने सरळ कापत होता, आवाज ऐकू येत होता. घरी येताना मला वाटलं, चांगलं दुकान आहे, हवा खेळते, गल्ल्याची खुर्चीही बरी आहे. तरी पाय जड झाले.

२ ऑगस्ट

वेबसाइट बंद करणार नाही, एवढं ठरवलं. गल्ल्यावरून आल्यावर संध्याकाळी करीन. पण मोठ्या दुकानाच्या लिंका मेल्या आहेत, त्या जागी काय? सूनबाईने नवे प्रोग्रॅम काढून आणले. एकात कमिशन भरपूर, पण गिऱ्हाइकाने लिंक दाबून एका दिवसात खरेदी केली तरच. कोण माणूस कात्री घ्यायचं एका दिवसात ठरवतं? दुसऱ्यात पैसे परदेशी चेकने येतात, तो आमची बँक घेत नाही. तिसरा कुठल्याही देशाला चालतो, पण वस्तूची किंमत दुकानाच्याच चलनात दाखवतो आणि टपालखर्च शेवटच्या पानावर सांगतो. हे मला लुच्चेपणाचं वाटतं.

यावेळी मी उलट्या टोकाने विचार केला. आधी प्रोग्रॅम नाही, आधी वस्तू. जी मी हातात धरली आहे तीच. मग ती कोण कुठल्या देशात पोचवतं ते बघायचं. असं केल्यावर हातात उरला तो एकच, छोटा कारखाना. सूनबाई म्हणाली, "म्हणजे आता सगळेच देश उरलेले."

कारखानदाराला लिहिलं की माझ्या सगळ्या लिंका तुमच्याकडे वळवायच्या आहेत, झेपेल का? आणि जाता जाता हेही विचारलं की मागच्या हंगामात माझ्या नंबरवर काही आलं का. हे दुसरं वाक्य मी दोनदा खोडलं. मग राहू दिलं.

२३ ऑगस्ट, रविवार

आज सगळे जमले होते. भाऊजी आले होते, गल्ल्याची किल्ली घेऊन, चेहरा असा की जणू शिक्षा त्यांनाच झाली आहे. नणंदबाई फोनवर होत्या, स्पीकर लावून टेबलावर ठेवलेल्या. त्यांना माझी समजूत घालायची होती. कोणी समजूत घालायच्या आत सूनबाई कॉम्प्युटर घेऊन आली. "आई, कारखान्याचं उत्तर आलंय."

मी वाचलं. एकदा मनात. मग खुर्ची ओढून बसले.

त्याने लिहिलं होतं, हंगामाची मोजणी संपली, उशिराबद्दल माफ करा, कारण तुमच्याच नंबरामुळे यंदा हाताखाली एक माणूस वाढवावा लागला. लिंका वळवा, झेपेल. गिऱ्हाइकं ऑर्डरबरोबर दोन ओळी लिहितात, त्यांना वाटतं कात्र्या तुम्हीच पाठवता. एका शिंप्याने लिहिलंय, आता रेघ दिसते. एका बाईने अर्धांगवायूनंतर डाव्या हाताने काम सुरू केलंय, तिने तुमचं बटाट्याचं पान छापून भिंतीला लावलंय. एका शाळेने वर्गातल्या डावखुऱ्या मुलांसाठी लहान कात्र्या मागवल्या, आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या शाळेने. शिक्षिकेने तुमचं नाव माहीत नसल्यामुळे लिहिलं की "त्या हातांच्या बाईंनी सांगितलं म्हणून." खाली, कुठल्या कुठल्या देशांतून ऑर्डरी आल्या ती नावं.

माझा विश्वास बसेना. दुधाने तोंड पोळलेलं होतं माझं. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "सगळ्यांनी इकडे लक्ष द्या. मी देश वाचते. आपलं तिथे कोण आहे, खरं सांगायचं. आज खोटं बोललात तर मी या घरात चहा करणार नाही."

पहिलं एक बेट होतं. सूनबाईला ते नकाशात बोटांनी ताणून मोठं करावं लागलं. कोणी आहे? सगळ्यांनी माना हलवल्या.

दुसऱ्याचं नाव मला धड वाचता आलं नाही. फोनमधून नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हे शहर आहे की देश?" म्हणजे नाही.

तिसरं वाचलं आणि हे चुळबुळले. "तिथे... आपल्या कारखान्याचा तो इलेक्ट्रिशियन गेला होता ना?"

मी वाचायची थांबले. "त्याला फोन केलात?"

"नाही ग. पण गेला होता."

"तो कधीच परत आला," भाऊजी म्हणाले. "बसस्टँडमागे राहतो. माझ्याकडून पडदे नेले त्याने." मी श्वास सोडला.

मग मी एकामागून एक वाचत गेले. डोंगरातला देश, वाळवंटातला देश, एक असा की जिथे टपाल बोटीने जातं, हे मीच मे महिन्यात शोधून लिहिलं होतं. दर नावाला थांबायचे, एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. सूनबाई नकाशावर बोट ठेवत होती आणि तिचे डोळे भरून आले होते, का कोण जाणे. भाऊजी किल्ली हातात फिरवत होते, ती त्यांनी हळूच खिशात टाकली. विषय काढला नाही.

शेवटचं नाव राहिलं, त्या शाळांच्या देशाचं.

"नीट आठवा," मी ह्यांना म्हटलं. "लांबचं, चुलत, मावस, कामावरचं, लग्नात भेटलेलं, कोणीही."

हे खरंच आठवत बसले. हात मांडीवर ठेवून, मशीन उघडण्याआधी बसायचे तसे. "नाही," म्हणाले. "कोणी नाही."

"पूर्ण वाक्य बोला."

"तिथे आपलं कोणीही नाही."

मी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. इतकं गोड वाक्य लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.